उतारशाळेचा रखवालदार

लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायावर आपल्या धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी जितकी प्रवचने केली असतील तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या उताऱ्यावर झाली असतील. याजक येतो व जातो, लेवी येतो व जातो, शोमरोनी थांबतो. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला जातो, जखमी मनुष्य जनावरावर बसविला जातो आणि प्रवचन बहुधा तेथेच संपते. पुढे उतारशाळा लागते आणि तिला एक रखवालदार आहे, याकडे आमचे स्वतःचे लक्ष फार उशिरा गेले. शोमरोन्याने एक रात्र त्या मनुष्याजवळ काढली आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेस लागला. त्यानंतर जखमा कोणी धुतल्या, तापात कण्हणाऱ्या त्या परक्यापाशी कोण जागले, हे लूक सांगत नाही. ते कोणी केले असेल हे मात्र उघड आहे.

प्राचीन आचार्यांची नजर या रखवालदारावरून निसटली नव्हती. ओरिजेनने उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा असा अर्थ केला. संत ऑगस्टीनने रखवालदार म्हणजे प्रेषित आणि त्याच्या हाती ठेवलेले दोन दिनार म्हणजे प्रीतीच्या दोन आज्ञा, असे रूपक लाविले. रूपकांची ही हौस आजच्या भाष्यकारांस रुचत नाही, आणि त्यांचे म्हणणे रास्तही आहे. पण आचार्यांनी त्या माणसाकडे निदान पाहिले तरी! आम्हांस त्या दोन दिनारांचा साधा अर्थही पुरेसा वाटतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांच्या दाखल्यावरून आपल्याला ठाऊक आहे. शोमरोनी दोन दिवसांची मजुरी आगाऊ देतो आणि त्याहून अधिक जे खर्च होईल ते परत येताना फेडण्याचे वचन देतो. वुल्गाता या लॅटिन भाषांतरात या अधिक खर्चासाठी जे क्रियापद योजिले आहे, त्यातूनच पुढे 'कर्तव्याहून अधिक केलेले सत्कृत्य' ही ईश्वरविज्ञानातील संज्ञा निघाली. सेमिनरीत आम्ही ती संज्ञा पाठ केली, तिच्यावर परीक्षेत उत्तरेही लिहिली. ती मुळात एका उतारशाळेच्या हिशेबातून आलेली आहे, इकडे आमचे लक्ष गेले नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाविषयी जे प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले, त्याच्या अखेरच्या भागात या दाखल्याचे विस्तृत विवेचन आहे. वैद्य, परिचारिका व तत्सम व्यवसायांत शोमरोन्याचा किती मोठा अंश आहे, असे ते तेथे कौतुकाने म्हणतात. त्या पत्राचे ऋण आम्ही मानतो. तरीही या एका ठिकाणी आमचे मत, नम्रपणे, थोडे निराळे आहे. शोमरोनी हा वाटसरू आहे. त्याला एकच जखमी भेटला, त्याचे अंतःकरण कळवळले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुढे जाता आले. इस्पितळातील परिचारिकेला, वॉर्डबॉयला, आयाला, कनिष्ठ डॉक्टरला पुढे जाता येत नाही. त्यांच्या दाराशी रोज नवा जखमी येतो, आणि कालचा अजून बरा झालेला नसतो. त्यांचे खरे साम्य रखवालदाराशी आहे. वाटसरूच्या कळवळ्याचे मोजमाप रखवालदाराला लाविले की अन्याय होतो, आणि तो आपण प्रवचनपीठावरून वर्षानुवर्षे करीत आलो आहोत.

हा विषय आज काढण्याचे कारण असे. इस्पितळांतील सेवकवर्गाचे मन कसे जपावे यासंबंधी अमेरिकेत सुरू होऊन इंग्लंडात फैलावलेल्या एका उपक्रमाची स्तुती आम्ही आमच्या चॅप्लेन बंधूंच्या बैठकीत ऐकली. सेवकांनी एकत्र बसून आपल्या कामातील अनुभव एकमेकांना कथन करावेत, असे त्याचे स्वरूप. उपक्रमाचे नाव 'श्वार्ट्झ राउंड्स'. ज्या लेखातून तो जन्मास आला तो लेख आम्ही मिळवून वाचला, उपक्रमावर झालेला अभ्यासही पाहिला. दोहोंविषयी आमचे मत येथे मांडीत आहोत.

केनेथ श्वार्ट्झ हे बॉस्टनचे वकील. आरोग्यसेवेविषयीचे कायदे हे त्यांच्या व्यवसायाचे क्षेत्र. १९९४ च्या नोव्हेंबरात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांना फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. ते धूम्रपान करीत नसत. घरी दोन वर्षांचा मुलगा होता. जुलै १९९५ मध्ये 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकाच्या मॅगझिनमध्ये 'एका रुग्णाची कथा' अशा अर्थाच्या मथळ्याखाली त्यांचा लेख आला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते निवर्तले. त्यांच्या नावाची संस्था मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात त्याच सुमारास स्थापन झाली, आणि १९९७ मध्ये तेथेच पहिल्या राउंड्स भरल्या.

लेखाची मोठी थोरवी अशी की त्यात सेवकवर्गाची खुशामत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीच्या वेळी भेटलेल्या परिचारिकेचे चित्र पाहा. ती आरंभी तुटकपणे बोलते, घाईत आहे, समोरचा मनुष्य तिच्या दृष्टीने त्या दिवसाच्या यादीतील आणखी एक नाव आहे. बोलता बोलता तो सांगतो की आपले वय चाळीस आहे, फुफ्फुसाचा कर्करोग आहे, आणि घरी लहान मूल आहे. ती मुलाचे नाव विचारते. नाव बेन. तिच्या भाच्याचे नावही बेनच असते. तेथून तिचा स्वर पालटतो, डोळे भरून येतात. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेची वाट पाहत स्ट्रेचरवर पडलेल्या श्वार्ट्झना भेटायला ती मुद्दाम येते, हात हातात घेते, शुभ चिंतते. घटना एवढीच. औषधाचा एक थेंबही यात नाही. आणि मरणाच्या दारात उभ्या असलेल्या त्या मनुष्याने उपचारांच्या तपशिलाआधी हीच गोष्ट लिहून ठेविली.

या प्रसंगात आम्हांस जी गोष्ट मार्मिक वाटते ती पुढे उपक्रमाच्या स्तुतिपाठकांकडून काहीशी निसटली, असे आमचे मत आहे. येथे कथा दोन्ही बाजूंनी वाहिली. रुग्णाने आपल्या मुलाची गोष्ट सांगितली, म्हणून परिचारिकेला आपल्या भाच्याची सांगता आली. दयाळूपणाचा झरा तिच्यात आधीपासून होता, पण कामाच्या दगडाखाली दबलेला. एका लहान मुलाच्या नावाने तो दगड हलला. श्वार्ट्झ हे व्यवसायामुळे आरोग्यसेवेच्या अर्थकारणाचे जाणकार, त्यामुळे दगडाचे अस्तित्व त्यांना ठाऊक होते. खर्चकपात व घाई यांच्या कात्रीत सापडलेल्या इस्पितळात असा जिव्हाळा टिकेल काय, ही चिंता त्यांच्या लेखात आहे. लेखाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते सुशिक्षित होते, ओळखीपाळखीचे होते. त्यांना बोलता येत होते आणि त्यांचे बोलणे ऐकले जात होते. सर्वसाधारण वॉर्डातील, भाषा न कळणाऱ्या, नातेवाइकाविना पडलेल्या रुग्णाला आपल्या मुलाचे नाव सांगण्याची संधी कोण देणार? बेळगावच्या एखाद्या इस्पितळात कानडी परिचारिका आणि मराठी म्हातारी यांच्यामध्ये जे घडते अथवा घडत नाही ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

आता उपक्रमाविषयी. महिन्यातून एकदा, सुमारे एक तास, इस्पितळातील सर्व थरांतील मंडळी एकत्र जमतात. शल्यविशारद, परिचारिका, हिशेबनीस, स्ट्रेचर ढकलणारा, सारे एकाच खोलीत. आधी जेवण असते. मग तीन-चार जण ठरलेल्या विषयावर आपापला एक अनुभव थोडक्यात सांगतात. रोगाची चर्चा नाही. त्या प्रसंगाने सांगणाऱ्याचे काय झाले एवढेच. त्यानंतर इतर बोलतात, किंवा गप्प बसतात. प्रशिक्षित सूत्रचालक दोन गोष्टींवर कटाक्ष ठेवतात : खोलीतील बोलणे खोलीबाहेर जायचे नाही, आणि कोणी कोणाचा प्रश्न सोडवायचा नाही. उपदेश नाही, चौकशी नाही, निष्कर्ष नाही. इंग्लंडात २००९ साली दोन ठिकाणी हा प्रयोग सुरू झाला. स्टॅफर्ड येथील इस्पितळात रुग्णांची जी भयंकर आबाळ झाली होती तिच्यावरील सार्वजनिक चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, आणि त्यानंतर तेथे या राउंड्सचा झपाट्याने प्रसार झाला. कठोर झालेल्या सेवकांना केवळ शिक्षा करून भागत नाही, ते कठोर का होतात हेही पाहावे लागते, असे तेथील धुरीणांना वाटू लागले.

वस्तुतः हा प्रश्न त्या देशात फार पूर्वीच विचारला गेला होता. इझाबेल मेन्झीज या विदुषीने १९६० साली लंडनच्या एका इस्पितळातील परिचारिका-व्यवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकांना एका रुग्णापाशी फार काळ ठेवायचे नाही, काम तुकड्यातुकड्यांनी वाटायचे, रुग्णाला नावाने न ओळखता खाटेच्या क्रमांकाने व बिघडलेल्या अवयवाने ओळखायचे, ही रीत केवळ सोयीसाठी आलेली नाही. मरण व वेदना यांच्या सान्निध्यातून उत्पन्न होणाऱ्या भयापासून बचाव म्हणून ती संस्थेने नकळत उभारलेली भिंत आहे, असा तिचा सिद्धान्त होता. भिंतीने भय गेले नाही. शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश शिक्षण पुरे न करताच निघून जात, आणि जाणाऱ्यांत चांगल्या मुलीही असत. 'अमुक नंबरचे लिव्हर' हे शब्द आमच्याही कानांवर आलेले आहेत. ते ऐकून पूर्वी आम्हांला राग येई. मेन्झीज वाचल्यावर तो बराच ओसरला.

राउंड्सचा उपयोग होतो काय? इंग्लंडात जिल मेबेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याविषयी सर्वांत भरीव म्हणावा लागेल. नियमित उपस्थित राहणाऱ्यांत मानसिक दृष्ट्या त्रस्त असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे आठ महिन्यांत शेकडा २५ वरून १२ वर आले. जे गेलेच नाहीत त्यांच्यात ते ३७ वरून ३४ वर आले, म्हणजे जवळजवळ तेथेच राहिले. स्तुती करणारे पहिल्या दोन आकड्यांवर बोट ठेवतात, आणि तो परिणाम खरोखर लक्षणीय आहे. फुकटच्या गोष्टीने, केवळ ऐकून घेण्याने, त्रास निम्म्यावर यावा हे सामान्य नव्हे. पण आम्ही वाचकांचे लक्ष तिसऱ्या आकड्याकडे वेधू इच्छितो. जे आले त्यांच्यात आरंभी त्रस्त २५ होते. जे आले नाहीत त्यांच्यात ३७. म्हणजे ज्यांना सांत्वनाची गरज अधिक होती ते खोलीपर्यंत पोहोचलेच नाहीत. का पोहोचले नाहीत याचा अंदाज करणे कठीण नाही. वॉर्डातील परिचारिकेला तासभर सोडायला दुसरी परिचारिका लागते. कार्यालयातून उठून येणे सोपे. सलाईनची बाटली संपत आलेली असताना उठून येणे अशक्य. कथनाची पंगत मांडली, पण वाढणारेच उपाशी राहिले.

येथवर वाचून कोणी म्हणेल की हा परदेशी इस्पितळांचा प्रश्न झाला, ख्रिस्तसभेच्या संस्थांत प्रार्थना आहे, मिस्सा आहे, साक्ष आहे. आपल्याला राउंड्सचे काय प्रयोजन? या आक्षेपाचे उत्तर आम्ही आमच्या एका चुकीच्या रूपाने देतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी सीमाभागातील एका मिशन इस्पितळात आम्ही चॅप्लेन होतो. एके सकाळी मिस्सा आटोपल्यावर बालरुग्ण विभागातील एक तरुण धर्मभगिनी सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली. रात्री तिच्या पाळीत एक बालक दगावले होते. पापनिवेदनासाठी ती आली नव्हती. तिला फक्त बोलायचे होते. "फादर, काल रात्री..." एवढे म्हणून ती थांबली. आम्ही तिला थांबू दिले नाही. आम्ही म्हणालो, "सिस्टर, देवाची इच्छा. तुम्ही तुमचे कर्तव्य केलेत." बाळ आता देवदूतांत आहे असे सांगितले, प्रार्थनेचे एक कार्ड दिले, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. "थँक यू, फादर," असे म्हणून ती गेली. त्याच वर्षीच्या तपोसाधनेत तिला साक्ष द्यायला सांगण्यात आले, आणि तिने ती सुरेख दिली : दुःखात प्रभूने कसा धीर दिला याची. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या. पुढे कित्येक वर्षे हा प्रसंग आम्ही आमच्या यशात जमा धरीत असू.

साक्ष ही आपल्या भक्तिजीवनातील मोलाची गोष्ट आहे, तिला आम्ही कमी लेखीत नाही. परंतु साक्षीचा शेवट ठरलेला असतो. ती अंधारातून निघते व उजेडात पोहोचते, नाहीतर ती साक्ष म्हणून गणली जात नाही. ज्या परिचारिकेची गोष्ट अजून अंधारातच आहे तिने काय करावे? एक तर गप्प बसावे, किंवा उजेड रंगवून सांगावा. दोन्हींमुळे ती अधिक एकाकी होते, कारण इतरांनाही तसेच वाटत असेल ही शंकासुद्धा तिला येत नाही. राउंड्सचा जो नियम प्रथमदर्शनी भक्तिहीन वाटतो, निष्कर्ष काढायचा नाही हा, तो पवित्र शास्त्राशी आपल्या साक्षींपेक्षा अधिक जुळतो असे आम्ही म्हणू. स्तोत्रसंहितेतील विलापस्तोत्रे बहुधा स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे वळतच नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही ते आपल्या प्रार्थनाग्रंथात आहे, आपण ते दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत म्हणतो. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. त्यांनी उपदेशाला तोंड उघडले आणि अखेर देवाच्या कोपास पात्र झाले; तक्रार करणारा ईयोबच योग्य बोलला असा निवाडा देवाने दिला. सॅक्रिस्टीच्या दारातील आमचे वर्तन या मित्रांच्या सातव्या दिवसानंतरच्या वर्तनासारखे होते. आम्ही तर सात मिनिटेही गप्प बसलो नव्हतो.

पापनिवेदनाविषयी येथे एक शब्द धर्मगुरू बंधूंसाठी. शुश्रूषा करणारे पुष्कळदा आपला शोक दोषाच्या शब्दांत मांडतात : मी आणखी लवकर हाक मारायला हवी होती, मी त्या म्हातारीवर ओरडले, मला त्या घरच्यांचा कंटाळा आला. यांतील काही पाप असू शकते. बरेचसे थकवा असते, काही निव्वळ दुःख असते. सरसकट सर्वांस क्षमा देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण दुःखाला पापाची चिठ्ठी चिकटवून दिलेली क्षमा त्या जिवाला हलके करीत नाही. उलट आपण खरोखरच अपराधी होतो अशी तिची खात्री पटते.

तरी राउंड्सवर आमचा मुख्य आक्षेप राहतोच, आणि तोही शास्त्राच्याच आधारे. एलीयाची हकीकत राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. तो रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. त्याला प्रथम काय मिळते? झोप. मग भाकर व पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. त्यानंतर होरेबाच्या गुहेत देव त्याला विचारतो की तू येथे काय करतोस, आणि एलीया आपली कहाणी सांगतो. वारा, भूकंप, अग्नी होऊन गेल्यावर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि एलीया तीच कहाणी, जवळजवळ त्याच शब्दांत, पुन्हा सांगतो. देव त्याला अडवीत नाही, 'हे तू मघाशीच सांगितलेस' असे म्हणत नाही. ऐकून घेण्याचा याहून मोठा आदर्श कोणता? पण गोष्ट तेथे संपत नाही. देव त्याला अलीशा देतो. काम वाटून घ्यायला माणूस देतो, आणि इस्राएलात तुझ्यासारखे आणखी सात हजार आहेत हे कळवितो. गणनाच्या अकराव्या अध्यायात मोशे असाच वैतागतो, या लोकांना मी एकट्याने कसे वाहू म्हणतो. देवाचे उत्तर सत्तर वडीलजनांच्या रूपाने येते. म्हणजे थकलेल्या सेवकाचे गाऱ्हाणे देवाने ऐकले, आणि मनुष्यबळ वाढविले.

राउंड्सच्या खोलीत प्रश्न सोडवायचा नाही, हे योग्यच आहे. ज्या इस्पितळात तो खोलीबाहेरही कोणी सोडवीत नाही, तेथे मात्र ही कथा-बैठक मेन्झीजने दाखविलेल्या भिंतीचीच एक नवी, रंग दिलेली वीट होण्याचा धोका आहे. व्यवस्थापनाला महिन्यातून एक जेवण स्वस्त पडते. रात्रपाळीला आणखी एक परिचारिका महाग पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट', म्हणजे कामाने येणारे रितेपण, याचे जे वर्णन आपल्या रोगसूचीत केले त्यात हा रोग नसून कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या ताणाचा परिणाम आहे, असे म्हटले आहे. जी गोष्ट कामाच्या ठिकाणी उत्पन्न झाली तिच्यासाठी परिचारिकेच्या प्रार्थनाजीवनाची तपासणी करणे, हा प्रकार आपल्याकडे घडतो. तो थांबावा.

घरचे उदाहरण घेऊ. अरुणा शानबाग या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या; मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी काम आटोपून तळघरात कपडे बदलीत असता तेथीलच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अमानुष अत्याचार केला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी, एका पिढीमागून दुसऱ्या पिढीने, त्यांना भरविले, न्हाऊ घातले, जपले. त्यांना तेथून हलविण्याचा प्रयत्न महापालिकेने केला तेव्हा परिचारिकांनी तो हाणून पाडला. पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ साली ही कहाणी ग्रंथरूपाने जगापुढे आणली, आणि पुढे दयामरणासाठी त्यांनी केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निर्णय देताना परिचारिकांच्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. अर्ज नामंजूर करताना, अरुणाचे निकटचे हितचिंतक रुग्णालयाचे सेवकच होत, असेही मानले. कोणताही विदेशी उपक्रम पाहण्याआधी कामाच्या ठिकाणी परस्परांना सांभाळण्याची अशी परंपरा आपल्या मातीत उभी राहिली होती, हे आमच्या वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे.

पण अभिमानापाशी थांबू नये. १९७३ च्या त्या घटनेनंतर परिचारिकांनी संप केला, तो सुरक्षित वातावरणात काम करता यावे या मागणीसाठी. अत्याचार घडला तो कपडे बदलायला सुरक्षित जागा नव्हती म्हणून. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात, लांबलचक पाळीत विसावा घेण्यासाठी सेमिनार हॉलमध्ये गेलेल्या तरुण महिला डॉक्टरची बलात्कार करून हत्या झाली. दोन घटनांमध्ये अर्धशतकाचे अंतर आहे आणि दोन्हींत एका कडी लावता येणाऱ्या खोलीचा अभाव आहे. परिचारिकांच्या त्यागाची कथा आपण फार आवडीने ऐकली. त्यांचे गाऱ्हाणे तितक्या आवडीने ऐकले नाही. वास्तविक ती एकाच तोंडातून आलेली एकच कथा होती.

भारतातील कॅथोलिक इस्पितळांची संघटना १९४३ साली सिस्टर मेरी ग्लाउरी या डॉक्टर धर्मभगिनीने उभी केली. आज तिचे कार्यालय सिकंदराबादेस आहे. आपल्या धर्मप्रांतांतील लहानमोठी इस्पितळे व दवाखाने यांच्यापुढे तिच्यामुळे एक व्यासपीठ आयतेच आहे. तेव्हा राउंड्सचा प्रयोग आपल्याकडे करू पाहणाऱ्यांनी तो अवश्य करावा, असे आमचे मत आहे. मात्र आपल्या रीतीने. सूत्रचालक धर्मगुरू नसावा. तो असला की खोलीत साक्षी सुरू होतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो. बैठक दुपारी एकदा व रात्रपाळी सुटल्यावर एकदा, अशी दोनदा भरावी. त्या तासापुरते वॉर्ड कोण सांभाळणार हे ड्यूटीच्या तक्त्यावर आधी लिहावे आणि मग बैठकीची सूचना लावावी. आया व सफाई कामगार यांना पहिल्या रांगेत खुर्च्या असाव्यात. आणि वर्षातून एकदा, नावे गाळून, तेथे वारंवार निघालेले विषय व्यवस्थापक मंडळापुढे ठेवावेत. श्वार्ट्झ संस्थेची मंडळी या शेवटच्या सूचनेला कदाचित हरकत घेतील. शोमरोनी परत येऊन हिशेब पुरा करण्याचे वचन देऊन गेला आहे. त्या हिशेबाची वही कोणीतरी लिहून ठेवली पाहिजे.

धर्मशिक्षक बंधूंना या कामात धर्मगुरूंपेक्षा अधिक वाव आहे, असे आम्हांस दिसते. वॉर्डात त्यांच्यापुढे कोणी उठून उभे राहत नाही. चहाच्या वेळी त्यांच्याशी लोक बोलतात. त्यांनी तेवढ्या वेळी खिशातील प्रार्थनेचे कार्ड बाहेर काढू नये.

गेल्या वर्षी त्या धर्मभगिनीची व आमची पुन्हा गाठ पडली. आता ती दुसऱ्या एका इस्पितळात मेट्रन आहे. जेवण झाल्यावर आम्ही तिला म्हणालो, "सिस्टर, त्या सकाळी तुम्ही काही सांगत होता. आम्ही सांगू दिले नाही. आज सांगाल?" ती बराच वेळ हातातील पेल्याकडे पाहत राहिली. आम्हांला वाटले होते की ती बालकाविषयी, ईश्वरी इच्छेविषयी, आपल्या श्रद्धेविषयी काही सांगेल. ती म्हणाली, "फादर, त्या रात्री वॉर्डात बत्तीस खाटा होत्या आणि आम्ही दोघी होतो. दुसरी शिकाऊ होती. बाळाचा श्वास लागला तेव्हा मी पलीकडच्या टोकाला होते." मग तिने पुढचे सर्व सांगितले. ते सांगायला तिला पाऊण तास लागला. घरी परतण्याची आमची शेवटची बस त्या पाऊण तासात निघून गेली.